कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी तो कुठे अडतोय ते शोधा

कॉम्प्युटर सुरू झाला नाही की बहुतेक जण शेवटच्या पायरीला हात घालतात. कुणी सरळ विंडोज नव्याने टाकायला बसतं, कुणी नवी रॅम मागवतं, कुणी इंटरनेटवर सापडलेल्या दहा कमांड एकामागून एक मारून बघतं. बिघाड मात्र अनेकदा सैल झालेल्या केबलमध्ये किंवा विसरून राहिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये असतो, आणि तो कळेपर्यंत डेटा गेलेला असतो.

सुरू होण्याचा क्रम ठरलेला आहे. वीज येते, मदरबोर्ड स्वतःची आणि रॅमची तपासणी करतो, स्क्रीनवर चित्र येतं, बायोस (मदरबोर्डमध्येच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम) डिस्क शोधतो, डिस्कवरून विंडोज चढतं आणि मग लॉगिन. आधीची पायरी पार पडल्याशिवाय पुढची येत नाही. म्हणून पहिला प्रश्न एकच: यंत्र कुठपर्यंत पोचतं आणि कुठे थांबतं? खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. ते विंडोजच्या डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी आहेत.

## तयारी: स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी

बटण पुन्हा पुन्हा दाबणं थांबवा. डिस्क मरणपंथाला लागली असेल तर प्रत्येक सुरुवात तिचं उरलेलं आयुष्य कमी करते. डिस्क ठीक असेल तरी विंडोज चढत असताना बटण दाबून बंद केल्याने चांगल्या फाइल्स बिघडू शकतात.

शेवटचा बदल आठवा आणि लिहून ठेवा. नवी रॅम बसवली? अपडेट अर्धवट राहिलं? वीज गेली? यंत्र एका खोलीतून दुसरीकडे हलवलं? बायोसमध्ये काही बदललं? काल चालणारं यंत्र आज अडलं तर कारण बहुधा मधल्या वेळेत घडलेल्या गोष्टीत सापडतं.

स्क्रीनवर जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. एरर दोन सेकंदांत निघून जाते. व्हिडिओ चालू ठेवून मग बटण दाबलं तर नंतर थांबवून वाचता येते.

बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की शोधून ठेवा. ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते आणि सर्वांत महाग पडते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला ते माहीतही नसतं. बायोसची सेटिंग बदलली किंवा मदरबोर्ड बदलला की ४८ अंकी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करा आणि की कागदावर उतरवा. एकाच खात्यात अनेक यंत्रांच्या की असतील, तर स्क्रीनवर दिसणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून योग्य ती निवडा. यंत्र कार्यालयाचं असेल तर की तिथल्या आयटी विभागाकडे असते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडकले. त्यातल्या कितीतरी यंत्रांवर दुरुस्ती एवढीच होती, की सेफ मोडमध्ये (कमीत कमी ड्रायव्हर आणि प्रोग्राम घेऊन चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन एक फाइल पुसायची. पण डिस्क बिटलॉकरने बंद असेल तिथे आधी की शोधावी लागली, आणि खरा वेळ त्यातच गेला.

विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवून घ्या. दुसऱ्या चालत्या कॉम्प्युटरवर, निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून. पेन ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून तो आधी रिकामा करा.

> सावध: जळका वास, धूर किंवा आत द्रव सांडलेला असेल तर यंत्र चालू करून पाहू नका. लॅपटॉपचा टचपॅड वर आलेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बॅटरी दाबू नका, टोचू नका, यंत्र जाणकाराकडे द्या.

## टप्पा १: कुठे अडतंय ते ठरवा

एकदाच चालू करा आणि शांतपणे पाहा.

1. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. टप्पा २.
2. पंखा फिरतो, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच. टप्पा ३.
3. कंपनीचा लोगो येतो, मग बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश, किंवा यंत्र थेट बायोसमध्ये जातं. टप्पा ४.
4. विंडोजचं गोल फिरत राहतं, एरर स्क्रीन येते, किंवा यंत्र पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं. टप्पा ५.
5. लॉगिन होतं, पण पुढे काळी स्क्रीन आणि फक्त कर्सर. टप्पा ६.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात विंडोजचा काही संबंध नाही. लोगोसुद्धा दिसत नसेल तर नव्याने विंडोज टाकून काहीही सुटणार नाही, कारण यंत्र डिस्कपर्यंत पोचलेलंच नाही.

## टप्पा २: वीजच येत नाही

सॉकेटमध्ये दुसरं एखादं उपकरण लावून पाहा. मग एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस मधून काढून केबल थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. डेस्कटॉपच्या एसएमपीएसवर (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) मागे छोटा स्विच असतो. सफाई करताना तो बंद होतो आणि नंतर कुणाच्या लक्षात येत नाही.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, सोडा, मग फक्त चार्जर जोडून चालू करा. मदरबोर्डवर अडकून राहिलेला चार्ज यामुळे निघून जातो आणि गोठलेले बरेच लॅपटॉप एवढ्यानेच जागे होतात. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर अर्धा तास चार्जिंगला ठेवून मगच निष्कर्ष काढा. टाइप सी चार्जर असेल तर त्याच्यावरचे वॅट वाचा. ६५ वॅट मागणारा लॅपटॉप मोबाइलच्या २० वॅटच्या चार्जरवर बहुधा उठणार नाही.

डेस्कटॉप असेल तर केबल काढा, समोरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेट उघडा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मदरबोर्डला जाणारी रुंद २४ पिनची केबल आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची केबल काढून पुन्हा लावा. खटका लागल्याचा आवाज यायला हवा.

आता एक तपासणी जी फार कमी जण करतात. कॅबिनेटच्या बटणापासून येणारी बारीक दोन तारांची केबल मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात जाते. तिथे बारीक अक्षरांत पॉवर स्विच लिहिलेलं असतं. ती केबल काढा, एसएमपीएस चालू करा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. कॉम्प्युटर सुरू झाला तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही उठतात, बिघाड फक्त समोरच्या बटणात आहे. पिना कुठल्या याची मदरबोर्डच्या पुस्तिकेत खात्री करा, अंदाजाने टेकवू नका.

एवढं करूनही हालचाल नसेल तर दुसरा चालता एसएमपीएस लावून पाहणं हीच खरी परीक्षा.

> सावध: एसएमपीएस बदलताना त्याच्या सोबत आलेल्याच केबल वापरा. सुट्या होणाऱ्या केबलचा एसएमपीएसकडचा जोड कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक वेगळा असतो. जुनी केबल नव्या एसएमपीएसमध्ये बसते, पण त्यातून चुकीच्या पिनेवर चुकीचा व्होल्ट जाऊन डिस्क कायमची जळू शकते. आणि एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

## टप्पा ३: पंखा फिरतो, पण चित्र नाही

आधी ठरवा, यंत्र बंद आहे की फक्त स्क्रीन. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो आणि विझतो? मग यंत्र चालू आहे, दोष स्क्रीनच्या बाजूला आहे. लॅपटॉपच्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर बॅकलाइट गेला आहे. बाहेरचा मॉनिटर जोडूनही हे तपासता येतं.

डेस्कटॉपमध्ये मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्या पोर्टला हवी. मदरबोर्डच्या पोर्टला लावली की बहुतेक वेळा स्क्रीन काळी राहते. मॉनिटरचा इनपुटही योग्य पोर्टवर आहे ना, ते बघा.

यानंतर यूएसबीला लावलेलं सगळं काढा: प्रिंटर, पेन ड्राइव्ह, हब, कार्ड रीडर. एखादं शॉर्ट झालेलं उपकरण अख्खा कॉम्प्युटर अडवून ठेवतं.

मग रॅम. काळ्या स्क्रीनचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे, म्हणून इथे घाई नको. वीज पूर्ण काढा. स्लॉटच्या टोकाचे खटके बाहेर ढकला, रॅम सरळ वर काढा. सोनेरी पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं मऊ कापड फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. पट्टीवर खोडरबर घासायची सवय अनेकांना आहे. मी ती सुचवणार नाही, कारण रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो आणि वरचा सोन्याचा थर झिजतो. परत बसवताना रॅमची खाच स्लॉटच्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. काही बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो आणि दुसरं टोक नुसतं आत सरकतं. अर्धवट बसलेली रॅम हमखास याच बिनखटक्याच्या टोकाला वर राहिलेली असते. बोर्डाच्या पातळीला डोळा नेऊन पाहा, सोनेरी पट्टी दोन्हीकडे सारखीच दिसेनाशी व्हायला हवी.

दोन रॅम असतील तर एकच ठेवून चालू करा, मग दुसरी. चार स्लॉटच्या बोर्डावर एकटी रॅम साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसते.

> तपासा: नवी डीडीआर५ रॅम बसवल्यावर किंवा बायोस रीसेट केल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मदरबोर्ड रॅमची जुळणी करत असतो. दहा मिनिटं वाट पाहा. मध्येच बंद केलं तर ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

अजूनही चित्र नसेल तर यंत्र कमीत कमी सुट्या भागांवर आणा: मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर वेगळं कार्डही काढा. डिस्क काढल्या तरी लोगो आणि बायोस दिसायलाच हवेत. दिसले, तर एकेक भाग परत जोडत जा. ज्या भागावर पुन्हा अडेल तो दोषी. दोन भाग एकत्र जोडले तर ही सगळी मेहनत वाया जाते.

अनेक मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क) असे चार छोटे दिवे असतात. जो लागून राहतो तिथे तपासणी अडली आहे. जुन्या बोर्डांवर बीप ऐकू येतात, पण त्यांचा अर्थ बायोस कंपनीनुसार बदलतो, म्हणून तुमच्याच बोर्डाची पुस्तिका पाहा.

शेवटी बायोस रीसेट: वीज काढून सीआर२०३२ हे गोल सेल काही मिनिटं बाहेर ठेवा, किंवा पुस्तिकेत दिलेला जंपर वापरा. त्याआधी बिटलॉकरची की हाताशी हवी. काही यंत्रांवर यानंतर टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) रीसेट करायची का असा प्रश्न येतो. की नसेल तर त्याला हो म्हणू नका.

## टप्पा ४: लोगो येतो, पण डिस्क सापडत नाही

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि बाहेरची डिस्क काढून एकदा चालू करा. कित्येकदा एवढंच कारण निघतं.

मग बायोसमध्ये जा. डेल, एसर आणि एससच्या लॅपटॉपवर बहुधा एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२, आणि बहुतेक सुट्या मदरबोर्डांवर डिलीट. लोगो येण्याआधीपासूनच की टिचकी मारल्यासारखी दाबत राहा, दाबून धरू नका.

तिथे पाहायचं एकच: यादीत डिस्क दिसते का?

दिसत नाही: यंत्र बंद करा. साटा डिस्क (केबलने जोडलेली) असेल तर डेटा आणि वीज या दोन्ही केबल काढून लावा, डेटाची केबल बदलून पाहा. एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी) असेल तर स्क्रू काढा, ती बाहेर ओढा आणि तिरकी घालून पुन्हा बसवा. तरीही दिसली नाही तर ती दुसऱ्या यंत्रात लावून पाहा.

दिसते, पण बूट होत नाही: बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिल्या जागी आणा. तारीख आणि वेळ जुनी दाखवत असेल तर बायोसचं सेल संपलं आहे आणि सेटिंग मूळ पदावर गेली आहेत. अशा वेळी दोन गोष्टी बिघडतात. यूईएफआय (नवी) आणि लेगसी (जुनी) या बूटच्या पद्धतींपैकी ज्या पद्धतीत विंडोज टाकलं होतं ती बदलते, किंवा साटाचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय आणि रेड यांत इकडचा तिकडे होतो. दोन्हींत डिस्क चांगली असूनही विंडोज चढत नाही. पूर्वीची सेटिंग परत आणली की काम होतं. म्हणून बदल एकच करा, त्याचा आधी फोटो घ्या, फरक पडला नाही तर तो परत फिरवा.

> सावध: हार्ड डिस्कमधून टक टक असा आवाज येत असेल तर तिथेच थांबा. डिस्क तपासणारं किंवा दुरुस्त करणारं कुठलंही साधन चालवू नका, ते डिस्क अखंड वाचत राहतं आणि नुकसान वाढवतं. डेटा महत्त्वाचा असेल तर ती डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जायला हवी.

## टप्पा ५: विंडोज अर्ध्यावर अडतं

लागोपाठ दोन-तीन वेळा सुरुवात फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा मेनू उघडतं. नाही उघडला तर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून बूट करा आणि इन्स्टॉलऐवजी दुरुस्तीचा पर्याय निवडा. इथे चुकीचं बटण दाबलं तर विंडोज नव्याने टाकण्याकडे गाडी जाते, म्हणून प्रत्येक स्क्रीन वाचून पुढे जा.

एरर स्क्रीन, जी पूर्वी निळी होती आणि नव्या विंडोज ११ मध्ये काळी आहे, तिच्यावरचा स्टॉप कोड टिपून घ्या. इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस असेल तर टप्पा ४ मधली साटा मोडची तपासणी आधी करा. दर वेळी वेगळा कोड येत असेल तर संशय रॅमवर घ्या.

मेनूमधले पर्याय या क्रमाने वापरा:

1. स्टार्टअप रिपेअर. फायली बिघडण्याचा धोका सर्वांत कमी. दोनदा चालवून उपयोग झाला नाही तर पुढे जा.
2. सेफ मोड. स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून ४ दाबा. सेफ मोडमध्ये विंडोज स्थिर चाललं तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा आपोआप सुरू होणाऱ्या एखाद्या प्रोग्रामचा. शेवटी टाकलेला प्रोग्राम काढा, ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्या. आणि आत पोचलाच आहात तर आधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या.
3. अनइन्स्टॉल अपडेट्स. बिघाड अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल तरच.
4. सिस्टिम रिस्टोर. तुमचे फोटो, कागदपत्रं तशीच राहतात. निवडलेल्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात.

कमांड प्रॉम्प्ट मी मुद्दाम यादीबाहेर ठेवला आहे. तिथे ड्राइव्हची अक्षरं नेहमीसारखी नसतात. तुमचा सी तिथे डी असू शकतो. डिस्कपार्ट या डिस्कची विभागणी करणाऱ्या साधनातली क्लीन कमांड चुकीच्या डिस्कवर मारली की तिची विभागणीच पुसली जाते. डेटाची प्रत हातात नसेल तर तिकडे जाऊ नका.

> तपासा: विंडोज उघडल्यावर शटडाउन नाही, रीस्टार्ट करून पाहा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर साठवले जातात आणि पुढच्या वेळी तेच परत चढतात. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. सिस्टिम कॉन्फिगरेशनमधून सेफ बूटची खूण केली असेल तर ती काढायला विसरू नका, नाहीतर यंत्र दर वेळी सेफ मोडमध्येच उघडेल.

## टप्पा ६: लॉगिननंतर काळी स्क्रीन

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. फरक नसेल तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नवं टास्क म्हणून विंडोज एक्सप्लोरर चालवा. डेस्कटॉप आला तर यंत्र ठीक आहे, सुरुवातीला चढणारा एखादा प्रोग्राम आडवा येतोय. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतले प्रोग्राम बंद करा, मग एकेक चालू करत दोषी शोधा.

## टप्पा ७: नव्याने विंडोज टाकण्याआधी डेटा

इथवर काही जमलं नाही, पण बायोसमध्ये डिस्क दिसते, तर आधी डेटा बाहेर काढा. दुसऱ्या यंत्रावर उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा) पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा आणि इन्स्टॉल न करता वापरून पाहण्याचा पर्याय घ्या. जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली तरी चालेल, प्रत काढायला तेवढं पुरतं. डिस्कला बिटलॉकर असेल तर इथेही तीच की लागेल.

ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी घ्या. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर लोक हटकून विसरतात. प्रत झाल्यावर त्यातल्या पाच-सहा फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष उघडून बघा. नाव दिसणं आणि फाइल उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मगच रीसेट. फायली ठेवण्याचा पर्याय निवडला तरी तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात. पेन ड्राइव्हवरून पूर्ण नव्याने टाकत असाल तर बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. त्यामुळे चुकून दुसरीच डिस्क पुसली जाण्याची भीती राहत नाही आणि बूटच्या फायली भलत्या डिस्कवर जात नाहीत.

नव्या विंडोजवरही तीच अडचण आली तर दोष हार्डवेअरचा आहे. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवून रॅम तपासा. एकही एरर आली तर एकेक रॅम वेगळी तपासून खराब असेल ती बदला.

यंत्र दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर सोबत कागद द्या: कुठे अडतं, शेवटचा बदल काय होता, काय काय करून पाहिलं, स्टॉप कोडचा फोटो. आणि त्याच कागदावर ठळक लिहा, की मला विचारल्याशिवाय डिस्क फॉरमॅट करू नये.